एका फडात एकच पीक : पीएचडीच्या कामाचा पाट कसा लावावा

साक्री तालुक्यातल्या एका गावात, पांझरेच्या काठी बसून मी एका म्हाताऱ्या पाटकऱ्याची मुलाखत घेत होते. पाटकरी म्हणजे पाटाचं पाणी ठरल्या क्रमानं शेतांकडे सोडणारा माणूस. तासभर मी विचारत होते आणि तो सांगत होता. पहाटे बंधाऱ्यावर जायचं, पाटाला पाणी किती आहे ते बघायचं, कुठे गाळ-पाला अडकला असेल तर काढायचा, मग आज ज्याची बारी त्याच्या चारीचं तोंड उघडायचं. मी रेकॉर्डर बंद केला तेव्हा त्यानं सहज विचारलं, ‘‘आणि ताई, तुम्ही दिवसभर काय करता?’’

‘‘संशोधन,’’ मी म्हटलं.

‘‘ते कळलं. पण करता काय?’’

मला सांगता आलं नाही. पीएचडीला नाव नोंदवून तेव्हा दोन वर्षं झाली होती. रोज आठ-नऊ तास मी कशात ना कशात गुंतलेली असे, रात्री थकून झोपत असे. पण काल काय केलंस, असं कुणी विचारलं तर एक धड वाक्य तोंडातून निघत नसे. लग्नाकार्यात मावशा ‘किती राहिलंय गं अजून?’ विचारायच्या, तेव्हाही हेच व्हायचं. मला खरंच माहीत नव्हतं.

धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर शेकडो वर्षं चालत आलेली फड पद्धत हा माझा विषय. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे साधारण चार मोठे तुकडे. एकेक तुकडा म्हणजे एक फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. हंगामाआधी शेतकरी एकत्र बसतात, नदीचं पाणी बघतात आणि यंदा कुठल्या फडांना पाणी द्यायचं, कुठला कोरडा ठेवायचा हे ठरवतात. पाणी कमी असूनही ही व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या चालली, कारण वाटणी चारचौघांत झालेली असते आणि ती सगळ्यांना दिसते.

मी या लोकांवर प्रबंध लिहीत होते आणि माझं स्वतःचं पाणी मात्र वाट फुटेल तिकडे वाहत होतं. पुढची चार वर्षं मी त्यांचीच पद्धत माझ्या वेळेला लावली. आज माझ्याकडे संशोधनाला येणाऱ्या मुलामुलींना पहिल्या दिवशी मी जे सांगते, ते इथे लिहिते आहे.

आधी कामं मोजा

एक कोरी वही घ्या आणि पीएचडी म्हणून तुम्ही जे जे करता ते सगळं लिहून काढा. बहुतेकांची यादी ‘वाचन, फील्डवर्क, लेखन’ अशी तीन शब्दांत संपते. ती तशी नसते. कोर्सवर्कचे तास आणि परीक्षा, दर सत्राला समितीपुढचं सादरीकरण, विभागात घ्यावी लागणारी ट्युटोरियल्स, गाईडच्या परिषदेची आमंत्रणं आणि जेवणाची कुपनं, फेलोशिपचे कागद, बोनाफाईड, ग्रंथालयाच्या रांगा, मुलाखती उतरवून काढणं, तक्ते, तळटिपा, संदर्भसूची, मुद्रितं तपासणं. ही सगळी कामंच आहेत. यांतली निम्मी कुणी मोजत नाही, आपणही नाही.

माझंच उदाहरण देते. माझ्याकडे ४१ मुलाखती होत्या, प्रत्येकी साधारण तासाभराची. अहिराणी वळणाचं बोलणं, मागे बैलांच्या घंटा, मधेच कुणीतरी चहा घेऊन आलेलं. अशी तासाभराची मुलाखत कागदावर उतरवायला मला सहा तास लागत. म्हणजे २४६ तास. रोज चार तास बसलं तर दोन महिने. त्या दोन महिन्यांत मी प्रबंधाचं एकही पान लिहिलं नाही आणि ‘आपण आळशी आहोत’ या समजुतीनं स्वतःला रोज खात राहिले. हा हिशेब आधी मांडला असता तर ते दोन महिने मी निवांत मनानं बसले असते.

ऐतिहासिक कागदपत्रांवर काम करणाऱ्यांचंही असंच होतं. पुण्याच्या पेशवे दप्तरातला कागद हाती आला की लगेच वाचता येतो असं नाही. तो मोडीत असतो. मोडी शिकायला लागणारे महिने, दप्तरात जाण्यासाठी विभागाचं पत्र मिळवायचे दिवस, हेही कामाच्या हिशेबात धरायचे. प्रयोगशाळेतल्यांना तर यंत्राची बारी लागते. ती मिळेल तेव्हा रात्री नऊलाही जावं लागतं आणि प्रयोग फसला की पुन्हा रांगेत. तेव्हा प्रत्येक कामापुढे अंदाजे तास लिहा. अंदाज चुकेल. माझा नेहमी निम्म्यानं चुकतो, म्हणून मी येईल त्या आकड्याला दोननं गुणते.

सहा वर्षांचं पंचांग भिंतीवर लावा

पीएचडीचे नियम सगळे प्रवेशाच्या वेळी सही करून विसरतात आणि पाचव्या वर्षी शोधत बसतात. यूजीसीची २०२२ची नियमावली सध्या लागू आहे. ती एकदा शांतपणे वाचा, आणि तुमच्या विद्यापीठाची त्यावरची परिपत्रकंही. ठळक गोष्टी अशा:

मुदत कोर्सवर्कसह किमान ३ वर्षं आणि कमाल ६ वर्षं. त्यानंतर फेरनोंदणी करून जास्तीत जास्त २ वर्षं वाढवून मिळू शकतात. स्त्रियांना आणि ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना आणखी २ वर्षांची सवलत आहे. बाळंतपण किंवा मुलांच्या संगोपनासाठी संपूर्ण मुदतीत २४० दिवसांपर्यंत रजा मिळते. ही रजा मागताना कुणी उपकार केल्यासारखं बोललं तर मनावर घेऊ नका. तो नियम आहे.

कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं असतं आणि त्यात ५५ टक्के गुण लागतात. हे पहिल्या वर्षातच हातावेगळं करा. मागे राहिलेल्या एका पेपरमुळे चौथ्या वर्षी अडकलेली मुलं मी पाहिली आहेत. दर सत्रात एकदा संशोधन सल्लागार समितीपुढे, म्हणजे आपल्या भाषेत आरएसीपुढे, प्रगती सांगायची असते. आणि विभाग तुम्हाला आठवड्याला ४ ते ६ तास शिकवण्याचं, प्रात्यक्षिकांचं किंवा पेपर तपासण्याचं काम देऊ शकतो. हा आकडा लक्षात ठेवा. पुढे ‘नाही’ म्हणताना उपयोगी पडतो.

आता एक मोठा कागद घेऊन सहा वर्षांचे बारा भाग पाडा. प्रत्येक भागाच्या शेवटी आरएसीची खूण करा. मग उलटीकडून या. प्रबंध जमा करायचा महिना, त्याआधी प्री-पीएचडी सादरीकरण, त्याआधी सिनॉप्सिस, त्याआधी गाईडनं संपूर्ण मसुदा वाचायला लागणारे दोन-तीन महिने. असं मागे येत गेलात की कळतं, सहा वर्षांतलं शेवटचं जवळजवळ एक वर्ष कागदपत्रं आणि दुरुस्त्यांतच जाणार आहे. तेव्हा नवं संशोधन करायला हातात साधारण पाच वर्षं आहेत, आणि त्यातलं पहिलं कोर्सवर्कचं. हा कागद टेबलासमोर लावा. मावशीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यावर आहे.

आठवड्याचे फड पाडा

फडात एकच पीक का? उसाला पाणी वेगळं लागतं, बाजरीला वेगळं. एकाच चारीवर दोन्ही असली की एकाचं सडतं आणि दुसऱ्याचं वाळतं. डोक्याचंही तसंच आहे. लिहिता लिहिता ईमेल बघितली, ईमेलमधला लेख उघडला, लेखातली तळटीप शोधायला गेलो, की सकाळ संपली आणि पीक एकही आलं नाही.

म्हणून आठवडा वाटून घ्या. एका फडात एकाच प्रकारचं काम. माझी वाटणी अशी होती. सोमवार ते शुक्रवार सकाळी आठ ते दहा फक्त लेखन. त्या वेळात फोन दुसऱ्या खोलीत. साडेदहा ते एक वाचन आणि टिपणं. दुपारी मुलाखती उतरवणं, तक्ते, नकाशे. म्हणजे हात चालतो पण डोकं फार तापत नाही अशी कामं. मंगळवार आणि शुक्रवारच्या दुपारी विभागातले तास. गुरुवारची दुपार कागदपत्रांची. त्या दुपारी पत्रं, अर्ज, सह्या, ईमेल, बँक सगळं एकदम. शनिवारी अर्धा दिवस मागे राहिलेलं. रविवारी पाट बंद.

तुमची वाटणी अशीच हवी असं नाही. नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएचडी करणाऱ्या प्राध्यापकांना पहाटेचे दीड-दोन तास आणि सुट्ट्या एवढंच पाणी असतं. त्यांनी चार फड लावायच्या भानगडीत पडू नये. सत्र चालू असताना एकच फड, सुट्टीत दोन. प्रयोगशाळेत असाल तर यंत्राची बारी आधी लिहा, बाकीचं तिच्याभोवती बसवा, आणि प्रयोग चालू असताना मधे मिळणाऱ्या पाऊण तासाला कुठलं काम द्यायचं ते आदल्या दिवशी ठरवून ठेवा. ऐन वेळी ठरवायला गेलं की तो पाऊण तास कँटीनमध्ये जातो.

एक मात्र सगळ्यांना लागू. अवघड काम दिवसाच्या सुरुवातीला. बंधाऱ्याजवळ पाणी भरपूर असतं, शेवटच्या शेतापर्यंत पोहोचेतो ते पाझरत पाझरत कमी होतं. संध्याकाळी सहाला तिसऱ्या प्रकरणाचा युक्तिवाद सुचत नाही, संदर्भसूचीतले स्वल्पविराम मात्र नीट लावता येतात.

आणि रोज रात्री वहीत तीन ओळी. आज काय केलं, उद्या पहिलं काम कुठलं, कशात अडकले. ‘वाचन केलं’ असं नाही लिहायचं. ‘अमुक पुस्तकाचं दुसरं प्रकरण, पाच टिपणं’ असं लिहायचं. पाटकऱ्याला जे सांगता आलं आणि मला आलं नाही ते हेच. वर्षभरानं ही वही चाळलीत तर स्वतःबद्दलचे बरेच गैरसमज दूर होतील, काही चांगले आणि काही वाईट.

टिपण काढल्याशिवाय पुस्तक मिटू नका

पहिल्या वर्षी मी खूप वाचलं आणि तिसऱ्या वर्षी तेच पुन्हा वाचलं, कारण पहिल्या वर्षाचं काहीच लिहून ठेवलेलं नव्हतं. पिवळ्या रंगानं ओळी रंगवणं म्हणजे वाचन नव्हे. प्रत्येक लेखाला अर्धं पान द्या. लेखक काय म्हणतो, कशाच्या आधारावर म्हणतो, मला ते कुठल्या प्रकरणात लागेल, आणि मला कुठे पटत नाही. शेवटची ओळ सोडू नका. प्रबंध त्या ओळींतूनच उगवतो.

टिपणात दुसऱ्याचं वाक्य जसंच्या तसं घेतलं तर तिथल्या तिथे अवतरणचिन्ह आणि पान क्रमांक. दोन वर्षांनी ते वाक्य आपलं होतं की त्यांचं, हे आठवत नाही आणि तिथूनच वाङ्मयचौर्याची भानगड सुरू होते. यूजीसीच्या २०१८च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं. १० ते ४० टक्के निघालं तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावं लागतं, ४० ते ६० टक्के असेल तर वर्षभर प्रबंध देता येत नाही, आणि ६० टक्क्यांच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. नीट संदर्भ देऊन घेतलेली अवतरणं आणि संदर्भसूची यात मोजत नाहीत. तेव्हा घाबरायचं कारण नाही. सवय लावायचं आहे.

संदर्भ ठेवायला झोटेरो हे मोफत सॉफ्टवेअर पहिल्याच आठवड्यात शिकून घ्या. शोधगंगा या संकेतस्थळावर देशभरातले प्रबंध खुले आहेत. आपल्या विषयावरचे पाच उघडून फक्त अनुक्रमणिका आणि पहिलं प्रकरण वाचा. प्रबंध नावाचा प्राणी कसा दिसतो ते कळतं, आणि तो आपल्यालाही जमेल असं वाटायला लागतं. जर्नलांसाठी पैसे भरायच्या आधी ग्रंथपालांना विचारा. २०२५पासून ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ योजनेतून सरकारी विद्यापीठांना आणि संस्थांना हजारो नियतकालिकं मिळू लागली आहेत आणि कित्येक विद्यार्थ्यांना हे माहीतच नसतं.

मराठीत प्रबंध लिहिणार असाल तर पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फॉन्टमध्ये केलेलं प्रकरण दुसऱ्या संगणकावर उघडलं की अक्षरांचा उकिरडा होतो. जोडाक्षरं दुरुस्त करण्यात माझ्या एका मैत्रिणीचा अख्खा मे महिना गेला.

रोज थोडं, पण रोज

‘सगळं वाचून झालं की लिहायला बसेन’ हे पीएचडीतलं सगळ्यात महाग वाक्य आहे. सगळं वाचून कधीच होत नाही. रोज ३०० शब्द लिहा. आठवड्याला पाच दिवस, वर्षाला सणवार, आजारपण, फील्डवर्क वजा जाता ४० आठवडे. ६०,००० शब्द होतात. त्यातले निम्मे टाकाऊ निघाले तरी दोन वर्षांत प्रबंधाचा कच्चा मसुदा हाती येतो. ३०० शब्द म्हणजे हाताच्या अक्षरात दीड-दोन पानं. ती चांगली असायची गरज नाही.

सुचत नसेल तेव्हा गाईडला पत्र लिहितो तसं लिहा. ‘मॅडम, काल मला असं दिसलं की शेवटच्या फडातले शेतकरी बैठकीला येतच नाहीत, आणि मला वाटतं याचं कारण...’ माझ्या चौथ्या प्रकरणाची सुरुवात अशाच एका न पाठवलेल्या पत्रातून झाली.

थांबताना अर्ध्या वाक्यावर थांबा. दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानाची भीती वाटत नाही, उरलेलं वाक्य पुरं करायचं असतं.

लिहिलेलं तीन ठिकाणी ठेवा. लॅपटॉप, क्लाउड आणि घरात वेगळ्या जागी ठेवलेली हार्ड डिस्क. १९१७ साली डॉ. आंबेडकर लंडनहून परतले तेव्हा त्यांची पुस्तकं वेगळ्या जहाजानं पाठवलेली होती. महायुद्ध चालू होतं, ते जहाज पाणबुडीनं बुडवलं आणि ग्रंथसंग्रह समुद्रात गेला. त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. आपल्यापुढे आहे, तरी चहा सांडलेल्या लॅपटॉपबरोबर प्रकरण गमावणारा एकजण दरवर्षी भेटतोच.

परत आलेल्या मसुद्याचं दुःख करत बसू नका, हेही त्यांच्याकडूनच शिकावं. १९२३ साली त्यांना लंडनची डी.एस्सी. मिळाली ती परीक्षकांच्या सांगण्यावरून प्रबंध पुन्हा लिहून दिल्यावर. गाईडनं लाल केलेलं पान म्हणजे निदान ते पान वाचलं गेलं.

गाईडशी बोलायचं कसं

गाईडला तुमच्यासारखे चार, सहा, आठ विद्यार्थी असू शकतात. प्राध्यापकाला आठपर्यंत परवानगी आहे. शिवाय त्यांचे तास, परीक्षा, समित्या, नॅकचे कागद. तेव्हा ‘सर, कधी भेटू?’ असं मोघम विचारलं की ‘बघू, फोन कर’ असंच उत्तर येतं. ‘सर, तिसऱ्या प्रकरणाची दहा पानं सोमवारी पाठवते. गुरुवारी अकराला पंधरा मिनिटं मिळतील का? दोनच प्रश्न आहेत’ असं विचारून बघा. नेमकं मागितलं की मिळतं.

भेटीनंतर त्याच दिवशी एक छोटी ईमेल करा. ‘आज ठरलं ते असं: एक, दोन, तीन. काही राहिलं असेल तर कळवावं.’ यात उद्धटपणा काही नाही. सहा महिन्यांनी ‘हे मी कधी सांगितलं?’ असा प्रसंग आला तर दोघांचीही सोय होते. आरएसीच्या सूचनाही अशाच लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी ‘मागच्या सूचना आणि त्यावर मी काय केलं’ अशी एक स्लाइड पहिली ठेवा. अर्धे प्रश्न तिथेच मिटतात.

आता अवघड गोष्ट. परिषदेचं काम, पाहुण्यांना स्टेशनवरून आणणं, कुणाच्या तरी अहवालाची टायपिंग. थोडं सगळेच करतात, आणि विभाग चालतो तो त्यावरच. पण ते वहीत लिहा, तासांसकट. एका वर्षी असं काम माझ्याकडे इतकं आलं की लेखनाचा फडच कोरडा पडला. ‘नाही’ म्हणायची माझी हिंमत नव्हती. मग मी वही नेली आणि म्हटलं, ‘‘मॅडम, हे करते मी. फक्त मग चौथं प्रकरण या महिन्याऐवजी पुढच्या महिन्यात देऊ का?’’ त्यांनी वही बघितली, थोडा वेळ काही बोलल्या नाहीत आणि काम दुसऱ्या दोघांत वाटून दिलं. त्यांना माहीतच नव्हतं. कसं असणार? मीच कधी दाखवलं नव्हतं.

प्रत्येक वेळी असं गोडीगुलाबीनं होईल असं नाही. घरची खासगी कामं सांगितली जात असतील, अपमान होत असेल, त्रास होत असेल, तर तारखांसकट लिहून ठेवा आणि विभागप्रमुख, विद्यार्थी तक्रार निवारण समिती किंवा अंतर्गत समितीकडे जा. आरएसीतल्या एखाद्या सदस्याशी आधीपासून चांगला संवाद असला तर अशा वेळी आधार होतो.

पैसा आणि फाईल

जेआरएफला १ जानेवारी २०२३पासून पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे एसआरएफ म्हणून ४२,००० रुपये मिळतात, घरभाडं वेगळं. महाराष्ट्रात बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्याही फेलोशिप आहेत. त्यांच्या जाहिराती कधी येतात याकडे लक्ष ठेवा आणि जातीचा दाखला, नॉन क्रीमी लेयर, उत्पन्नाचा दाखला मुदतीत आहेत की नाहीत हे दर वर्षी तपासा.

कुठलीही फेलोशिप पगारासारखी एक तारखेला येईल असं धरून चालू नका. हजेरीपत्रक, प्रगती अहवाल, घरभाड्याचं प्रमाणपत्र यांतला एक कागद अडला की पैसे अडतात, आणि सगळे कागद जागेवर असले तरीही कधी अडतात. मला एकदा सात महिने वाट पाहावी लागली. मेसवाल्या काकूंनी उधारीवर डबा चालू ठेवला म्हणून निभावलं. तेव्हा पहिली थकबाकी एकदम आली की फोन घेऊ नका. तीन महिन्यांची खोली आणि डबा निघेल एवढे पैसे बाजूला टाका.

एक प्लास्टिकची फाईल करा. प्रवेशपत्र, नोंदणीपत्र, फीच्या पावत्या, कोर्सवर्कची गुणपत्रिका, आरएसीची इतिवृत्तं. प्रत्येक कागदाचा फोनमध्ये फोटो. अर्ज देताना आवक क्रमांक आणि शिक्का आपल्या प्रतीवर घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. ‘तुमचा अर्ज आलाच नाही’ या वाक्याला दुसरं उत्तर नाही.

याच सदरात आणखी एक. ‘चार दिवसांत पेपर छापून देतो’ असे निरोप व्हॉट्सॲपवर येतात. पैसे देऊ नका. २०२२च्या नियमावलीत प्रबंधाआधी पेपर छापण्याची देशव्यापी सक्ती राहिलेली नाही. तुमच्या विद्यापीठाची स्वतःची अट आहे का ते विचारा. मान्य नियतकालिकांची यूजीसीची ‘केअर’ यादीही २०२५मध्ये बंद झाली. तेव्हा नियतकालिक निवडताना त्याचे जुने अंक वाचा, संपादक मंडळ बघा, आणि आपले गाईड तिथे स्वतः लिहितील का, एवढं विचारा.

घर, शरीर, मन

घरच्यांना आपलं काम कळत नाही अशी आपली तक्रार असते. पण आपण त्यांना सांगतो का? मी वडिलांना दर महिन्याला फोनवर दोन वाक्यांत सांगायला लागले. ‘या महिन्यात दुसऱ्या प्रकरणाचा मसुदा दिला. पुढच्या महिन्यात साक्रीला दहा दिवस.’ नातेवाइकांना उत्तरं द्यायचं काम मग त्यांनीच घेतलं. ‘तिचं दुसरं प्रकरण झालंय’ हे ते इतक्या रुबाबात सांगायचे, जणू घराचा दुसरा मजला चढला.

डोळ्यांना, मानेला आणि पाठीला सहा वर्षं काढायची आहेत. पाऊण तासानं उठा. लॅपटॉपखाली चार जाड पुस्तकं ठेवून पडदा डोळ्यांसमोर आणा. प्रबंधाला न लागणारी जाड पुस्तकं प्रत्येकाकडे असतात. संध्याकाळी अर्धा तास चाला, शक्यतो दुसऱ्या विभागातल्या मित्राबरोबर. तुमचा विषय ज्याला कळत नाही त्याला समजावून सांगताना तो तुम्हाला कळतो.

तिसऱ्या-चौथ्या वर्षात एक काळ असा येतो की विषय नकोसा होतो. सोबतचे नोकरीला लागलेले असतात, लग्नाच्या पत्रिका येत असतात, आणि आपण तिथेच. हे बहुतेकांना होतं. पण झोप उडाली, जेवण सुटलं, आठवडेच्या आठवडे खोलीबाहेर पडावंसं वाटेना, जगण्यात अर्थ नाही असे विचार येऊ लागले, तर तो आळस नाही आणि वेळापत्रकानं तो सुटणारही नाही. विद्यापीठातल्या समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरांकडे जा. सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते आणि मराठीत बोलता येतं. हा क्रमांक आपल्यासाठी नाही तरी होस्टेलमधल्या शेजाऱ्यासाठी फोनमध्ये ठेवा.

कोरडा फड ठरवून ठेवा

एवढं सगळं वाचून ‘हे रोज कसं जमणार?’ असं वाटलं असेल. नाहीच जमणार. पाणी सगळ्या फडांना कधीच पुरत नाही. फडकऱ्यांना ते माहीत असतं, म्हणूनच ते हंगामाआधी बसतात. एखादा फड कोरडा राहणार हे आधी ठरलं की त्यात कुणी बी टाकत नाही. बी वाया जात नाही.

आपण मात्र सगळीकडे बी टाकतो. या सत्रात दोन परिषदा, एक पेपर, सेट-नेटचा अभ्यास, जर्मनचा वर्ग, फील्डवर्क आणि एक प्रकरण. डिसेंबरमध्ये बघतो तर सगळंच अर्धवट उगवलेलं. म्हणून दर सत्राच्या सुरुवातीला वहीच्या नव्या पानावर दोन ओळी लिहा. ‘या सत्रात मी अमुक करणार.’ त्याखाली ‘या सत्रात मी अमुक करणार नाही.’ दुसरी ओळ गाईडलाही दाखवा. ती लिहायला पहिल्यापेक्षा जास्त वेळ लागेल.

पाचव्या वर्षी पुन्हा त्या गावी गेले होते, काही नोंदी पडताळायला. म्हातारा पाटावरच भेटला. मी न विचारताच सांगितलं, ‘‘बाबा, सकाळी दोन तास लिहिते. मग वाचते. दुपारी तुमच्या मुलाखती उतरवून काढल्या, त्या झाल्या. आता चौथं प्रकरण चालू आहे, पाच आहेत.’’

‘‘म्हणजे एक फड राहिला,’’ तो म्हणाला, आणि चारीचं तोंड उघडायला वाकला.